पाळीव बेडकाचे आजार आणि त्याचं जाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्यामांजराच्या दुखण्याबद्दल विचारलं तर दहा जण दहा उपाय सांगतात. बेडकाबद्दल विचारलं तर लोक आधी हसतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. हे प्रश्न बेडूक पाळणारे पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक वेळा रात्री, टाकीसमोर बसून, जीव टांगणीला लागलेला असताना.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषून घेतो, त्वचेतून काही अंशी श्वासही घेतो आणि अंगातल्या क्षारांचा तोलही तिथूनच सांभाळतो. जे पाण्यात आहे, मातीत आहे, तुमच्या हातावर आहे, ते सगळं त्याच्या रक्तात जाऊ शकतं. बेडूक बिघडला की आधी पाणी आणि तापमान तपासा, मग बाकीचं.

बेडूक आजारी आहे हे ओळखायचं कसं?

उशिरा ओळखू येतं, हीच खरी अडचण. निसर्गात अशक्त दिसणारा प्राणी आधी खाल्ला जातो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. लक्षणं दिसेपर्यंत आजार अनेकदा जुना झालेला असतो.

म्हणून लक्षणांपेक्षा सवयींवर डोळा ठेवा. रात्री फिरणारा बेडूक दिवसाढवळ्या उघड्यावर बसला, फांदीवर राहणारा तळाशी उतरला, एरवी पाण्यात न जाणारा दिवसभर पाण्यातच बसून राहिला, पाय अंगाखाली न घेता सैल सोडून बसला, तर काहीतरी बिघडलं आहे. त्वचेवर लाल चट्टे, कातडीचे तुकडे अंगाला चिकटून राहणं, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, हात लावला तरी न हलणं, या खुणा त्याहून गंभीर. घशाखालची कातडी सतत लपलप हलत असते तो मात्र त्याचा नेहमीचा श्वास आहे. त्याला घाबरू नका.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. झाकणाच्या हलक्या डब्यात बसवून आठवड्यातून एकदा वजन करा आणि वहीत लिहा. काटा फक्त बेडकासाठीच ठेवा, स्वयंपाकाचा वापरू नका. दहा टक्क्यांहून जास्त वजन घटलं आणि त्याचं कारण समजत नसेल, तर बेडूक वरवर कितीही ठीक दिसो, पशुवैद्याकडे न्यायची वेळ झाली.

खाणं सोडलंय. किती दिवस वाट पाहायची?

वय आणि अंगकाठीवर आहे. चांगला भरलेला प्रौढ बेडूक आठवडा-दोन आठवडे न खाता राहिला तर लगेच जिवावर बेतत नाही. नवीन घरी आल्यावर, कात टाकण्याच्या सुमारास, हवा गार झाली की बरेच बेडूक खाणं कमी करतात. नुकतीच शेपूट अंगात जिरलेला पिल्लू-बेडूक मात्र दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी ढासळतो.

आधी टाकीचं तापमान बघा. थंडीत त्याचं पचन मंदावतं, आणि अशा वेळी भरपूर खाल्लं तर ते पोटात सडू शकतं. मग किड्यांचा आकार बघा. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा देऊ नये. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवायला जाऊ नका. बेडकाचा जबडा नाजूक असतो, आणि ते काम शिकलेल्या हातांचं आहे.

तोंड वासून, अंग वाकवून, डोळे मिटून तडफडल्यासारखं करत होता. झटका आला का?

बहुधा कात टाकत होता. बेडूक दर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी वरची पातळ कातडी सोडतो आणि तीच खाऊन टाकतो. त्यासाठी तो पाठ वाकवतो, पायांनी अंग ओढतो, तोंड पुन्हा पुन्हा उघडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थरकाप होतो. काही मिनिटांत ते संपलं आणि त्वचा ओलसर, चकचकीत दिसली तर सगळं ठीक. पाय ताठ होऊन थरथरत राहिले, बेडूक उलटा पडून सरळ होऊ शकला नाही, तर तो झटकाच समजा.

माझा पॅकमॅन फ्रॉग मातीत गाडून घेऊन बसलाय, कातडी कागदासारखी झालीय. मेला का?

घाई करू नका. हवा कोरडी झाली की या जातीचे बेडूक जमिनीत शिरतात आणि मेलेल्या कातडीचे थर एकावर एक चढवून स्वतःभोवती कोष तयार करतात. हृदय आणि श्वास अगदी मंद होतात. असा बेडूक पाहून अनेकांनी त्याला मेलेला समजलं आहे. त्याला कोमट नाही, खोलीच्या तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या उथळ पाण्यात ठेवा. पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या. काही तासांत कोष मऊ पडतो आणि बेडूक हालचाल करतो. मात्र पाळीव बेडकाला ही वेळ यायला नको. माती सुकलेली असणार, ती ओली करा.

मांड्या आणि पोट लाल झालंय.

याला रेड लेग म्हणतात. हे एका आजाराचं नाव नसून रक्तात जंतू पसरल्याची खूण आहे. एरोमोनास गटाचे जंतू त्यात बरेचदा सापडतात, पण तेच एकटे नसतात, आणि बुरशी किंवा विषाणूमुळेही अशीच लाली येते. हे जंतू एरवीही पाण्यात असतात. बेडकाची ताकद घटली, पाणी घाण झालं, जखम झाली की ते आत घुसतात.

इथे थांबण्यात शहाणपण नाही. त्याच दिवशी वेगळा ठेवा, स्वच्छ ओल्या पेपर टॉवेलवर, आणि पशुवैद्य गाठा. योग्य प्रतिजैविक वेळेत मिळालं तर काही बेडूक वाचतात. उशीर झाला तर फार थोडे. उडी मारून काचेवर आपटल्यानं आलेली साधी लालीही असते, पण ती एकाच जागी असते आणि बेडूक सावध असतो.

पोट फुगलंय. जास्त खाल्लं असेल का?

खाण्यानं आलेला फुगार एक-दोन दिवसांत उतरतो. दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखं लागत असेल, मांड्या आणि घसाही सुजले असतील, तर अंगात पाणी साठलं आहे. मूत्रपिंड निकामी होणं, हृदयाचा किंवा लसिकेचा (अंगातला जास्तीचा द्रव वाहून नेणाऱ्या यंत्रणेचा) त्रास, जंतुसंसर्ग, चुकीचं पाणी, कारणं अनेक आहेत. पूर्ण वेळ पाण्यात राहणाऱ्या आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉगमध्ये हे फार दिसतं, आणि तिथे बरं होण्याची शक्यता खरोखर कमी असते. पशुवैद्य सुईनं पाणी काढून तात्पुरता आराम देऊ शकतो, पण मूळ कारण राहिलं तर ते पुन्हा भरतं. घरी सुई टोचू नका.

मादी असेल तर पोटात अंडीही असू शकतात. तेव्हा फुगार दोन्ही बाजूंनी असतो आणि बेडूक तरतरीत असतो.

किडा समोर असूनही पकडता येत नाही. जीभ लागते पण चिकटत नाही.

हा प्रश्न वरवर छोटा वाटतो, पण त्यामागे बहुतेक वेळा खाण्याची जुनी चूक असते, म्हणून जरा सविस्तर.

जिभेचा चिकटपणा गेला असेल तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असण्याची दाट शक्यता. ते कमी पडलं की चिकट स्राव करणाऱ्या पेशींच्या जागी कोरड्या पेशी येतात. बेडूक नेम बरोबर धरतो, जीभ किड्याला लागते, आणि किडा तसाच चालू लागतो. पापण्या सुजणं, डोळे चिकटणं हीदेखील त्याचीच खूण. गाजरातल्या बीटा कॅरोटीनवर भरवसा ठेवू नका. अनेक बेडूक त्यापासून पुरेसं अ जीवनसत्त्व बनवू शकत नाहीत, त्यांना ते रेटिनॉलच्या, म्हणजे तयार अ जीवनसत्त्वाच्या, रूपात असलेल्या पावडरीतूनच द्यावं लागतं.

जबडा रबरासारखा मऊ झाला असेल, खालचा ओठ लटकला असेल, पाठीचा कणा वाकडा दिसत असेल, बोटं फडफडत असतील, तर हाडांचा आजार आहे. मूळ कारण कॅल्शियमची कमतरता. बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांत आणि अळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. पावडर न लावता तेच किडे महिनोन्महिने दिले तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. ते पचायला ड३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते पावडरीतून किंवा यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण) दिव्यातून मिळतं. साधी काच यूव्हीबी अडवते, म्हणून खिडकीतलं ऊन इथे कामाचं नाही. यूव्हीबी नळी उजेड देत राहते पण तिचे किरण आधीच संपतात, त्यामुळे उत्पादकानं सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी लागते.

किडे देण्याआधी एक दिवस त्यांना पालेभाजी आणि चांगलं खाद्य खायला घाला. पावडर किती वेळा, हे जातीवर आणि वयावर ठरतं. अ आणि ड दोन्ही जास्त झाली तरी विषारी, तेव्हा कमतरतेचा संशय आला म्हणून तिप्पट मात्रा देऊ नका. वेळेत पकडलं तर हाडं पुन्हा घट्ट होतात. वाकलेला कणा मात्र सरळ होत नाही. तसा बेडूकही हातानं भरवून बरीच वर्षं आनंदानं जगू शकतो.

खडा गिळला असावा. शी होत नाही.

उथळ, क्लोरीन काढलेल्या पाण्यात रोज वीस-तीस मिनिटं बसवा आणि खाणं थांबवा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा पोटात कडक गाठ लागली, तर एक्स-रे काढावा लागेल. तोंडात मावेल एवढा एकही खडा टाकीत ठेवू नये.

मागच्या बाजूनं लाल गोळा बाहेर आलाय.

आतड्याचा शेवटचा भाग बाहेर आला आहे. ही तातडीची वेळ आहे. तो भाग सुकला तर मरतो, म्हणून स्वच्छ सलाइननं ओला ठेवा, ओल्या पेपर टॉवेलवर डब्यात ठेवा आणि निघा. आत ढकलू नका. परजीवी, मोठा खडा, कॅल्शियमची कमतरता, यांपैकी काय कारण आहे हे शोधल्याशिवाय नुसतं आत बसवून भागत नाही.

डोळ्यावर पांढरा पडदा आलाय.

जखम, जंतुसंसर्ग किंवा चरबी. लठ्ठ बेडकांच्या बुबुळावर कोलेस्टेरॉलचे थर बसतात, विशेषतः ज्यांना उंदरांची पिल्लं वारंवार खायला घातली जातात. ते उतरत नाहीत. व्हाइट्स ट्री फ्रॉग आणि पॅकमॅन फ्रॉग खायला कधीच नाही म्हणत नाहीत, त्यामुळे माप आपणच ठेवायचं.

काइट्रिड म्हणजे काय? माझ्या बेडकाला होऊ शकतो?

होऊ शकतो. आणि हा आजार प्रत्येक बेडूक पाळणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवा, कारण तो तुमच्या टाकीपुरता उरत नाही.

काइट्रिड हा त्वचेचा आजार बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या बुरशीनं होतो. ती पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते. तिला नाव मिळालं १९९९ मध्ये. ती बेडकाच्या त्वचेतल्या केराटिन या प्रथिनावर वाढते. कातडी जाड होते, क्षारांची ये-जा बिघडते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. मृत्यूचा हा मार्ग २००९ मध्ये उलगडला. २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात असल्याचं दिसलं, आणि उभयचर प्राण्यांच्या जागतिक व्यापारानं ती पसरल्याचंही. २०१९ च्या आढाव्यानुसार या आजारामुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. एका रोगजंतूनं इतक्या जाती गिळल्याचं दुसरं नोंदलेलं उदाहरण नाही.

घरात लक्षणं काय? वारंवार आणि तुकड्यातुकड्यांत कात जाणं, सुस्ती, पाय पसरून बसणं, भूक जाणं, आणि कित्येकदा काहीच नाही, थेट मृत्यू. काही जाती स्वतः ठणठणीत राहून बुरशी बाळगतात. आफ्रिकन क्लॉड फ्रॉग त्यांतलाच. १९३० च्या दशकापासून तो गर्भचाचणीसाठी जगभर पाठवला जात होता, आणि आजही तो अनेक घरांत आहे. अशा बेडकाच्या टाकीतलं पाणी दुसऱ्या टाकीत गेलं तर तेवढं पुरतं.

निदानासाठी पशुवैद्य त्वचेवरून कापसाचा बोळा फिरवून पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी) चाचणी करून घेतो. उपचार आहे. इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या अगदी पातळ द्रावणात ठरावीक दिवस रोज काही मिनिटं बुडवतात. ही बुरशी १७ ते २५ अंशांत जोमानं वाढते आणि २८ अंशांच्या वर खुंटते, त्यामुळे उष्णता सोसणाऱ्या जातींत तापमान वाढवूनही मदत होते. गारव्यात राहणाऱ्या जातीवर हा प्रयोग केला तर उष्णतेनंच ती मरेल. बेडूकमाशांना ही औषधं सोसत नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

पाण्यात नेमकं काय बघायचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते एक दिवस उघडं ठेवल्यावर बरंच उडून जातं. पण अनेक ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते नुसतं ठेवून जात नाही. त्यासाठी माशांच्या टाकीसाठी मिळतं ते क्लोरामाइनही काढणारं औषध घाला. तांब्याच्या नळात रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी सोडून द्या. तांबं बेडकाला विषारी आहे.

डिस्टिल्ड पाणी शुद्ध म्हणून बसायच्या भांड्यात घालणारे अनेक जण भेटतात. त्यात क्षारच नसतात, आणि सतत त्यात बसलेल्या बेडकाच्या अंगातला क्षारांचा तोल ढळतो. फवारण्यासाठी ते चालतं.

पूर्ण पाण्यात राहणाऱ्या बेडकांच्या बाबतीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नव्या टाकीत पहिले काही आठवडे उपयोगी जीवाणू जमलेले नसतात आणि विष्ठेतला अमोनिया साठत जातो. दुकानातून आणलेला बेडूक आठवड्याभरात गेला, यामागे हे कारण फार वेळा असतं. चाचणीची किट घ्या. पाणी नितळ दिसतंय याला काही अर्थ नाही.

आणि हवा. डास मारायच्या वड्या, झुरळांची फवारणी, रूम फ्रेशनर, काच पुसायचं द्रावण, ताज्या रंगाचा वास, हे सगळं त्या ओल्या कातडीवर बसतं. टाकी असलेल्या खोलीत यातलं काही नको. हातावर क्रीम किंवा सॅनिटायझर असताना बेडकाला हात लावू नका. स्वच्छ पाण्यानं ओले केलेले, पावडर नसलेले हातमोजे सगळ्यात बरे.

उष्णतेनं बेडूक मरतो का?

मरतो, आणि थंडीपेक्षा फार लवकर. बहुतेक पाळीव जाती २२ ते २६ अंशांत सुखी असतात, फायर-बेलीड टोडसारख्या काही त्याहून गारव्यात. ३० च्या पुढे अनेकांना धोका. बंद काचेच्या टाकीवर थेट ऊन पडलं तर अर्ध्या तासात खेळ संपू शकतो. उष्णता लागलेल्या बेडकाला बर्फात नाही, खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात ठेवा.

घरात असलेलं मलम किंवा औषध लावू का?

नाही. वेदना कमी करणारा घटक असलेलं जखमेचं मलम तर मुळीच नाही. त्यातलं भूल देणारं औषध त्वचेतून थेट आत जातं आणि बेडूक मरू शकतो. हळद, मीठ, कडुलिंबाचं पाणी यांचीही तीच गत. चांगल्या मनानं केलेल्या घरगुती उपायांनी किती बेडूक गेले असतील याचा विचार करवत नाही. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: वेगळा डबा, स्वच्छ पाणी, योग्य तापमान. तेवढ्या वेळेत केल्या तरी पुष्कळ झालं.

पशुवैद्याकडे जाताना काय न्यायचं?

सरपटणारे आणि उभयचर प्राणी पाहणारा पशुवैद्य बेडूक ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. जाताना झाकणाला भोकं असलेला डबा, तळाशी ओला पेपर टॉवेल, डब्यात पाणी भरलेलं नाही. सोबत चोवीस तासांच्या आतली विष्ठा वेगळ्या डबीत, टाकीतल्या पाण्याचा नमुना, वजनाची वही, टाकीचे फोटो आणि वापरत असलेल्या पावडरींची नावं. फोटोतून तापमापक आणि दिवा दिसू द्या. निम्मं निदान तिथेच होतं.

हे आजार आम्हाला होतात का?

काइट्रिड होत नाही. साल्मोनेला या जुलाब घडवणाऱ्या जंतूचा संसर्ग होतो, आणि बेडूक निरोगी दिसत असतानाही. २००९ ते २०११ या काळात अमेरिकेत आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉगमुळे साल्मोनेलाच्या साथीत २४१ जण आजारी पडल्याची नोंद झाली, आणि त्यांत मुलांचं प्रमाण मोठं होतं. टाकीला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती बेडूक देऊ नका.

तो खरंच गेलाय हे कसं समजावं?

बेडकाच्या बाबतीत हे सोपं नाही. श्वास थांबल्यासारखा वाटला तरी त्वचेतून थोडा प्राणवायू मिळत असतो, आणि मेंदू थांबल्यावरही हृदय बराच वेळ धडधडत राहू शकतं. बोटानं डोळ्याच्या कडेला हलकेच स्पर्श करा: डोळा आत जातो का? पायाच्या बोटाला चिमटा घेतल्यावर पाय ओढतो का? पाठीवर ठेवलं तर सरळ होतो का? छातीच्या मध्यावर हलकी उसळी दिसते का? काहीच नसेल तर ओल्या कागदावर गार जागी काही तास ठेवा. अंग ताठ होणं, डोळे खोल जाणं आणि वास येणं यांनंतर शंका राहत नाही. पशुवैद्य डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) लावून खात्री करून देऊ शकतो.

फार हाल होतायत. फ्रीजरमध्ये ठेवलं तर शांतपणे जाईल असं ऐकलंय.

कृपा करून असं करू नका. शुद्धीत असलेल्या प्राण्याला गोठवणं पशुवैद्यक शास्त्र अमान्य करतं. पशुवैद्याकडे यासाठी चांगला मार्ग आहे. एमएस-२२२ नावाचं भुलीचं औषध पाण्यात खाण्याच्या सोड्यासोबत घालतात, कारण ते मुळात आम्लधर्मी असतं आणि त्वचेला झोंबतं. बेडूक त्यात बसतो, आधी शुद्ध हरपते, मग बाकी सगळं थांबतं. त्यानंतर मृत्यूची खात्री करून घेतली जाते. तुम्ही तिथे थांबू शकता का, हे विचारा.

कधी, हा प्रश्न जास्त अवघड. खाणं पूर्ण थांबलं आहे, सरळ बसता येत नाही, उपचाराला दाद नाही आणि पुढे करण्यासारखं काही नाही असं पशुवैद्य सांगतो आहे, तर आणखी एक आठवडा तुमच्यासाठी असेल, त्याच्यासाठी नसेल.

काल चांगला होता, आज मेलेला सापडला. कारण समजेल का?

शवविच्छेदन करून घेतलं तर बऱ्याचदा समजतं. पण घाई लागते, कारण बेडकाचं शरीर फार लवकर कुजतं. देह हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि चोवीस तासांच्या आत पोचवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठल्यानं पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. उशीर होणारच असेल तर गोठवलेल्या देहातूनही काइट्रिड किंवा रानाव्हायरसची (बेडकांना मारणाऱ्या एका विषाणूची) पीसीआर चाचणी करता येते. घरात दुसरे बेडूक असतील तर हे कराच. रानाव्हायरसनं एकापाठोपाठ एक टाकी रिकामी होऊ शकते.

देहाचं काय करायचं?

नदी, तळं, विहीर, संडास, यांत टाकू नका. पाण्यातून रोग रानातल्या बेडकांपर्यंत जातो. संसर्गाची शंका असेल तर पशुवैद्याकडे दहनासाठी द्या. शंका नसेल तर पाण्यापासून दूर, कुत्रामांजर उकरणार नाही इतकं खोल पुरता येतं. शेजारी एखादं रोप लावलं, दगड ठेवला, त्याचं नाव लिहिलं, यात कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

टाकी आणि राहिलेले बेडूक?

माती, शेवाळ, लाकूड, झाडं बंद पिशवीत भरून कचऱ्यात. काच आणि प्लॅस्टिक आधी घासून धुवा, मग ब्लीचच्या द्रावणात बुडवा. नुसत्या घाणीवर ब्लीच काम करत नाही. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, क्लोरीन काढणारं औषध घातलेल्या पाण्यात एकदा खंगाळा आणि पूर्ण कोरडं करा. काइट्रिडच्या बीजाणूंना कोरडेपणा सोसत नाही, विषाणू मात्र जास्त चिवट असतात.

त्याच टाकीतल्या इतरांना वेगवेगळं ठेवून चाचणी करून घ्या. निरोगी बेडकांची कामं आधी, आजाऱ्याची शेवटी, आणि दोघांचे चिमटे, भांडी, हातमोजे वेगळे.

माझ्यामुळे गेला का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून खोटा दिलासा नको. कधी कधी उत्तर हो असतं. पाणी चुकलं, पावडर राहून गेली, उष्णता लक्षात आली नाही. पण बेडूक आजार लपवतो, त्याच्याबद्दलची माहिती विखुरलेली आणि अनेकदा चुकीची असते, विकणारा काहीच सांगत नाही, आणि पुष्कळ बेडूक घरी येतात तेव्हाच परजीवी किंवा बुरशी घेऊन आलेले असतात. तुम्हाला जे ठाऊक होतं त्यानुसार तुम्ही वागलात. जे आज कळलं ते त्या दिवशी माहीत नव्हतं.

वयाचाही विचार करा. आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग पाचेक वर्षं जगतो, व्हाइट्स ट्री फ्रॉग पंधरा वर्षांच्या पुढेही. म्हातारा होऊन गेलेल्या बेडकाच्या मागे चूक शोधत बसू नका.

लोक म्हणतात, एवढं काय, बेडूकच तर होता.

त्यांना तो दिसला नव्हता. दिवे मालवल्यावर काचेला पोट चिकटवून बसणारा, तुमच्या पावलांच्या आवाजानं वळणारा, पहिल्या पावसाच्या आवाजाला रात्रभर ओरडणारा. दहा-पंधरा वर्षं रोज कुणाची तरी काळजी घेतली की ते कुणीतरी आपलं होतं, मग ते केवढं का असेना. रडू आलं तर रडा. ज्यांना समजत नाही त्यांना पटवण्यात शक्ती घालवू नका. बेडूक पाळणाऱ्या एखाद्या माणसाशी बोला. झोप, जेवण, काम अनेक आठवडे विस्कटलेलं राहिलं तर समुपदेशकाकडे जा आणि कारण संकोच न करता सांगा.

मुलांना कसं सांगायचं?

मेला, असं स्पष्ट. झोपला म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, पळून गेला म्हटलं तर शोधत राहतं. गुपचूप तसाच दिसणारा दुसरा आणून ठेवू नका, मुलांना ठिपके पाठ असतात. आणि मूल विचारेल, मी हात लावला म्हणून का? लहान मुलं हे मनात ठेवून असतात, त्यांनी विचारलं नाही तरी उत्तर द्या. निरोप द्यायचा असेल तर देऊ द्या, नंतर हात धुवा.

दुसरा कधी आणावा?

मन तयार होईल तेव्हा, पण मृत्यूचं कारण कळल्यावर आणि टाकी नव्यानं उभी राहून काही आठवडे स्थिर झाल्यावर. बंदिस्त जागी जन्मलेलाच बेडूक घ्या, रानातून पकडलेला नको. घरात आधीचा बेडूक असेल तर नव्याला किमान तीस दिवस, शक्य असल्यास साठ ते नव्वद दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा, विष्ठा तपासा, त्वचेची चाचणी करा. जमत नाही म्हणून पाळीव बेडूक कधीही बाहेर सोडू नका. त्याच्यासाठी ते मरण, आणि बाहेरच्यांसाठी आजार.

उरलेली औषधं नव्यासाठी ठेवू का?

ठेवू नका. मात्रा ग्रॅममधल्या वजनावर आणि जातीवर ठरते, आणि पातळ केलेली औषधं लवकर निकामी होतात. पशुवैद्याकडे परत द्या. काटा, तापमापक, पाण्याची किट आणि ती वजनाची वही मात्र जपून ठेवा. किटवरची मुदत संपली असेल तर नवी घ्या.